फळदिवस, दुपारी दीडपर्यंत

द्राक्ष म्हणजे पृथ्वीनं आकाशाला केलेली प्रार्थना आहे, आणि ती ऐकण्याइतका धीर ज्याच्यापाशी नाही, त्याला वाइनचा अधिकार नाही.

हे वाक्य दिंडोरीजवळच्या एका द्राक्षमळ्याच्या माहितीपत्रकावर सोनेरी शाईत छापलेलं होतं. अशी दोनशे पत्रकं चेन्नईत, वेस्ट मांबलममधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन पडली होती आणि दिवाळी तोंडावर आल्यामुळे त्यांतल्या चाळीसेक पत्रकांवर सध्या मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, निथळत होते. कागद जाड होता. तेल छान शोषत होता. पत्रकांचा तेवढा एक उपयोग आतापर्यंत सिद्ध झाला होता.

विद्याधर करंबेळकर मुरुक्कूंकडे बघत बसले होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, २००६ साली, त्यांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिथे ते सत्तावीस वर्षं तपासणी खात्यात होते. त्यांच्या सहीवाचून एक साधा बोल्टसुद्धा फाटकाबाहेर पडत नसे. आता ते सकाळी कॉफीची पूड दळून आणत, दुपारी सासूबाईंच्या गोळ्या आणत आणि मधल्या वेळात गॅसच्या सिलिंडरची वाट बघत. सिलिंडर आणणारा मुरुगन त्यांना "सार" म्हणायचा. तेवढाच काय तो मान.

अशा वेळी नाशिकहून पुतण्याचा, अमोघचा, फोन आला होता.

"काका, मद्रासकडे आपलं कोणी नाही. तुम्ही बघाल का? एका चांगल्या हॉटेलानं हो म्हटलं, की तुमच्या नावाची कार्डं छापतो. 'दक्षिण भारत प्रमुख'."

विद्याधरांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि चार मिनिटांनी फोन करून हो सांगितलं. त्यांना पैशाची ददात नव्हती. त्यांना ते कार्ड हवं होतं. कोणी "सध्या काय करता?" विचारलं, की खिशातून काढून द्यायला.

अमोघ पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून वडिलांच्या मळ्यावर परतला होता आणि बायको रुचाच्या मदतीनं बायोडायनॅमिक शेती करत होता. म्हणजे असं, की गाईच्या शिंगात शेण भरून ती शिंगं हिवाळ्यात पुरायची, उन्हाळ्याच्या तोंडाशी उकरायची, आतलं मूठभर खत पाण्यात तासभर ढवळायचं, थोडा वेळ उजवीकडून, थोडा वेळ डावीकडून, आणि मग वेलींवर शिंपडायचं. हे त्याला आजोबांनी सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. पण परदेशातल्या एका शिबिरात सांगितलं गेल्यामुळे ते शास्त्र होतं.

वाइन मात्र खरोखरच निराळी होती. बाकीची द्राक्षं खुडून झाली, तरी शेनिन जातीचे काही घड वेलीवरच ठेवायचे. उन्हानं आणि रात्रीच्या गारव्यानं ते सुरकुततात, बेदाण्याच्या वाटेला लागतात, आतली साखर दाट होत जाते. महिनाभर पाखरं आणि मधमाश्या वाटा घेतात. जे उरतं त्याची गोड, सोनेरी पांढरी वाइन होते. ती अर्ध्या बाटलीत भरतात आणि जेवणानंतर, गार करून, थोडी थोडी पितात. नमुन्याच्या अशा सहा बाटल्या विद्याधरांच्या फ्रिजमध्ये होत्या. त्या तमिळनाडूत आणायच्या परवान्याला चार महिने लागले होते, कारण कचेरीतल्या कारकुनाला बायोडायनॅमिक हा शब्द कुठल्या रकान्यात भरावा ते कळत नव्हतं. शेवटी त्यानं तो 'इतर'मध्ये भरला.

विद्याधरांनी अकरा हॉटेलांना फोन केले. दहा जणांनी ईमेल पाठवा म्हटलं. अकराव्या हॉटेलात पेयविभागाचा रंगा नावाचा मॅनेजर भेटला. डिसेंबरात त्यांचं नवीन रेस्टॉरंट उघडायचं होतं आणि त्याला जेवणानंतरच्या गोडाबरोबर द्यायला अशीच वाइन हवी होती.

"आमच्याकडे बाहेरची बाटली आत आणता येत नाही, सार," तो म्हणाला. "मीच तुमच्या घरी येतो. मंगळवारी चार वाजता?"

विद्याधरांनी आनंदानं फोन ठेवला आणि इथून पुढचे सतरा दिवस त्यांनी जो त्रास भोगला, तो त्यांनी सत्तावीस वर्षांत कुठल्याही तोफेपायी भोगला नव्हता.

"मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ," त्यांची बायको हरिप्रिया स्वयंपाकघरातून म्हणाली.

"असू दे की. मी काय मुंज लावतोय?"

"मला नका सांगू. अम्माला सांगा."

अम्मा म्हणजे राजसबाई, विद्याधरांच्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी, मूळ तंजावरच्या, बोली साडेतीनशे वर्षांपूर्वीची आणि मत त्याच्याही आधीचं. घर त्यांच्या नावावर होतं. फ्रिजही त्यांच्याच नावावर होता. त्यात बाटल्या ठेवू दिल्या हाच त्यांचा मोठेपणा होता, आणि तोसुद्धा "फळाचा रस, थोडा आंबला म्हणून काय जाहलें" असं स्वतःच ठरवून त्यांनी दाखवला होता.

"माप्पिळ्ळै," राजसबाई जावयाला म्हणाल्या, "नवें काम राहुकाळीं आरंभितात काय कोणी? बुद्धि आहे कीं नाहीं?"

विद्याधरांनी रंगाला फोन करून बुधवारी बारा सांगितलं. बुधवारी राहुकाळ बारालाच सुरू होतो हे त्यांना फोन ठेवल्यावर कळलं. पुन्हा फोन करून शुक्रवारी सकाळी अकरा सांगितलं. शुक्रवारी साडेदहा ते बारा. तिसऱ्या फोनला रंगा म्हणाला, "सार, तुम्ही आधी नक्की करून घ्या ना," आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग विद्याधरांनी सरळ शनिवार, दुपारी तीन ठरवला. राजसबाई म्हणाल्या, "सरी." रंगा म्हणाला, "ओके." रात्री अमोघचा फोन आला.

"शनिवारी? काका, शनिवारी मूळदिवस आहे!"

"म्हणजे?"

"पंचांग पाठवलंय ना मी. मूळ, पान, फूल आणि फळ असे चार प्रकारचे दिवस असतात. चंद्र कुठल्या राशीत आहे त्यावर. वाइन फळदिवशीच उघडायची. मूळदिवशी ती मिटून बसते. काही बोलतच नाही."

"अमोघ, ती बाटलीत आहे. तिला कसं कळणार शनिवार आहे?"

"काका, चंद्र समुद्र हलवतो."

समुद्र घरापासून सहा किलोमीटरवर होता आणि हलत होता.

"आणि बाटली उघडताना मी फोनवर हवा," अमोघ म्हणाला. "तेवढं पाळा. नाही तर राहू दे."

विद्याधरांना दिवसाची थापही मारता येईना. तो त्यांचा स्वभाव नव्हता, आणि मारलीच असती, तरी बूच निघताना अमोघ फोनवर ऐकत असणार होता.

त्यांना एकच आशा होती. सासूबाई आणि अमोघ यांची गाठ घालून द्यावी. दोन वेड्या माणसांत भांडण लागलं, की शहाण्याला जरा जागा मिळते. त्यांनी फोनचा आवाज मोठा करून मोबाइल राजसबाईंपुढे धरला.

"कोण रे तूं? अमोघ? चंद्र कोणत्या राशीस असतां उघडावें म्हणतोस?"

"मेष, सिंह आणि धनु, आजी. अग्निराशी."

राजसबाईंनी बोटांवर राशी मोजल्या. "शहाणा आहेस. आणि राहू?"

"आमच्यातही ते आहे, आजी. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते राहू-केतूच ना? त्या तासांत आम्ही मळ्यात पाऊलसुद्धा टाकत नाही."

"अय्यो कण्णा!" राजसबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतका शिकलेला पोर, आणि पाळतो बघ. नाहीं तर आमचे जांवई."

पुढचा पाऊण तास दोघं बोलत होते, विद्याधरांच्या मोबाइलवर, विद्याधरांना वगळून. शेण देशी गाईचंच हवं यावर त्यांचं एकमत झालं. फोन परत हातात आला, तेव्हा त्याची बॅटरी संपली होती आणि अटी वाढल्या होत्या. राजसबाईंनी आता फळदिवसही पाळायचं ठरवलं होतं आणि अमोघनं राहुकाळ.

विद्याधरांनी आलेखाचा कागद काढला. पहिल्या ओळीत अमोघचे फळदिवस. दुसऱ्या ओळीत राजसबाईंचे राहुकाळ. तिसऱ्या ओळीत वीजकपात, कारण वाइन गार लागते आणि मांबलममध्ये वीज रोज निराळ्या तासाला जात होती. चौथ्या ओळीत रंगाच्या पाळ्या. कारखान्यात ह्याहून अवघड तक्ते त्यांनी केले होते, पण त्या तक्त्यांच्या मागे देशाचं संरक्षण होतं. चारी ओळी जुळलेला, दिवाळीच्या आधीचा एकच चौकोन निघाला. गुरुवार, दुपारी बारा ते दीड.

"बघा, निघाला कीं नाहीं?" राजसबाई म्हणाल्या, जणू तक्ता त्यांनीच काढला होता.

गुरुवारी विद्याधर साडेअकरापासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले. फ्रिज थंड होता. टी. नगरमधून आणलेले दोन वाइनचे ग्लास होते, त्यांतला एक हरिप्रियानं धुताना फुटला होता. उरलेला टेबलावर, एव्हरसिल्व्हरच्या, म्हणजे स्टीलच्या, भांड्यांच्या गर्दीत, चुकून आलेल्या पाहुण्यासारखा उभा होता.

बारा वाजले. अमोघचा फोन आला. "काका, उघडली?"

"अरे, तो आलाच नाही अजून."

बारा वाजून दहा मिनिटांनी रंगाचा फोन. "सार, पानगल पार्कपाशी आहे. दिवाळीची खरेदी. सगळं मद्रास रस्त्यावर आहे, सार."

बारा पंचवीस. "सार, दुरैसामी सबवेत अडकलोय. पुढे एक बस आहे. ती हलत नाही."

"चालत ये!" विद्याधर ओरडले.

"स्कूटर कुठे ठेवू, सार?"

बारा पन्नासला रंगा घामाघूम होऊन दारात उभा राहिला. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, नम्र माणूस. त्यानं बूट काढले आणि तमिळमध्ये माफी मागितली. राजसबाईंनी खुर्चीतून त्याला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि लेकीला म्हणाल्या, "हरी, पोर उपाशी दिसतें गे."

"होय आजी," रंगा वळून त्यांच्याच बोलीत म्हणाला, "सकाळपासोन कॉफीच."

विद्याधरांनी डोळे मिटले. तंजावरचा मराठी. सबंध शहरातली अकरा हॉटेलं, आणि नेमका हा.

"कोणाचा रे तूं?" राजसबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

"मेलवीथीचे राघोत्तमराव, त्यांचा नातू."

"वीणेवाले राघोत्तमराव? कीं कोर्टांतले?"

"कोर्टांतले."

"म्हणजे तुळसीचा पुतण्या! हरी, पान वाढ!"

"अम्मा," विद्याधर म्हणाले, "आधी वाइन. वाइन चाखायच्या आधी जेवायचं नसतं. जीभ कोरी लागते."

"दुपारीं एक वाजतां ब्राह्मणाचें पोर दारीं आलें, त्यास उपाशीपोटीं तें पाजूं? माप्पिळ्ळै, तुम्हांकडे असेल चाल. आम्हांकडे नाहीं."

रंगा नको नको म्हणत पानावर बसला. त्याच्या म्हणण्यात जोर नव्हता. सांबारभात आला. डांगरपच्चडी आली. मग वत्तकोळंबू आलं, ज्याच्या आंबट तिखट वासानं शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसालाही ठसका लागत असे. विद्याधर पानासमोर उभे राहून प्रत्येक घास मोजत होते. टेबलावरचा मोबाइल अमोघसकट चालू होता.

"काका, काय चाललंय?"

"जेवतोय."

"जेवतोय? काय जेवतोय?"

"वत्तकोळंबू."

"त्यात काय असतं?"

"चिंच."

नाशिककडून रुचाला घाईनं मारलेल्या हाका ऐकू आल्या.

"अजून एक वाढ," राजसबाई म्हणाल्या. "तुळसीचें लग्न जाहलें तेव्हां हा चंद्रमौळीच्या कडेवर होता. होय कीं नाहीं रे?"

"कडेवरचा तो माझा थोरला भाऊ, आजी."

"तेंच तें."

एक वाजून बारा मिनिटं. विद्याधरांनी हातात हात धरून ठेवले. कारखान्यात एकदा एक उच्चपदस्थ पाहुणा तासभर उशिरा आला होता, तेव्हा त्यांनी सबंध तुकडीला उन्हात उभं ठेवलं होतं आणि त्या तासातसुद्धा त्यांना इतकं असहाय वाटलं नव्हतं. त्यांना फक्त एक घोट हवा होता. दुसऱ्याच्या तोंडात.

"ताकभात घेऊं द्या सार," रंगा त्यांचा चेहरा बघून म्हणाला. "ताकानं जीभ धुतली जाते. खरंच."

ताकभात झाला. वर लोणचं झालं. एक वाजून एकवीस मिनिटांनी रंगानं हात धुतले, चेहरा पुसला, आणि तो एकदम दुसराच माणूस झाला. त्यानं खिशातून बूच काढायचं स्वतःचं अवजार काढलं, बाटली उजेडाकडे धरली, पत्ता वाचावा तसं वरचं लेबल वाचलं. बूच असं निघालं की आवाज झाला नाही.

खोलीत वास पसरला. मध, संत्र्याची साल, वाळवलेल्या जर्दाळूंसारखं काहीतरी. वत्तकोळंबूचा वास एक पाऊल मागे सरला. हरिप्रिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. राजसबाईंनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, "नैवेद्यासारखा वास आहे हो."

"काका?" फोन म्हणाला.

"श्श!" चौघांनी एकदम म्हटलं.

रंगानं ग्लास फिरवला, हुंगला, एक घोट घेतला. तोंडात ठेवला. डोळे मिटले. खाली, गल्लीत, भाजीवाल्यानं आरोळी दिली तेव्हा विद्याधरांना त्याचा खून करावासा वाटला.

"सार," रंगा म्हणाला. "बारा वर्षं हे काम करतोय. वत्तकोळंबूनंतर कुठलीही वाइन मरते. ही मेली नाही." त्यानं दुसरा घोट घेतला. "गोड आहे, पण चिकट नाही. शेवटाला जरा आंबट येते आणि तोंड रिकामं करून जाते. मला हवी होती ती हीच. घेतली, सार. डिसेंबरपासून आमच्या मेनूकार्डावर."

एक वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. पुढची तीन मिनिटं विद्याधर करंबेळकर दक्षिण भारत प्रमुख होते. त्यांनी मनातल्या मनात कार्डाचा कागदही निवडला. किंचित खरबरीत, हस्तिदंती. त्यांनी हरिप्रियाकडे बघितलं. ती हसत होती, आणि ती त्यांच्याकडे बघून शेवटची केव्हा हसली होती ते त्यांना आठवेना.

"मग पक्कं करून टाकू," रंगानं डायरी उघडली. "महिन्याला किती लागतील ते मी सांगतो, आणि—"

"दीड वाजला," राजसबाई म्हणाल्या. "आतां व्यवहाराचें बोलणें तीनानंतर."

"अम्मा, त्यानं घेतलीय. फक्त आकडा सांगायचाय."

"आकडाच तर व्यवहार."

"आजी बरोबर बोलतात, काका," फोन म्हणाला.

"मला तीनला हॉटेलात असायला हवं," रंगा कसनुसा म्हणाला. "पण आजी म्हणतात तर... पुढच्या आठवड्यात येऊ का?"

विद्याधरांच्या आत सतरा दिवस साठलेलं काहीतरी फुटलं. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी सासूसमोर आवाज चढवला नव्हता.

"खड्ड्यात गेला तो राहू!" ते गरजले. "त्याला धड नाही, पोट नाही, तो माझं काय खाणार? आणि अमोघ, तू एक अक्षर बोलू नकोस, नाही तर तुझी ती शिंगं मी स्वतः येऊन उकरीन! रंगा, बोल. किती?"

राजसबाई जावयाकडे टक लावून पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेत, हरिप्रियानं नंतर सांगितलं त्याप्रमाणे, पहिल्यांदाच थोडा आदर होता.

"महिन्याला दहा पेट्या," रंगा घाईघाईनं म्हणाला. "चोवीसच्या. लग्नाच्या मोसमात पंधरा. सहा महिन्यांची हमी लागेल, सार. मधेच संपली असं चालत नाही, मेनूकार्ड छापलेलं असतं."

"ऐकलंस?" विद्याधरांनी फोन उचलला. "दहा पेट्या. डिसेंबरपासून. सांग हो."

नाशिककडून ट्रॅक्टरचा आवाज आला. मग तोही बंद झाला.

"काका," अमोघ म्हणाला. "महिन्याला?"

"महिन्याला."

"मला वाटलं, एकूण दहा-वीस बाटल्या म्हणाल."

सत्तावीस वर्षं विद्याधरांनी माल किती आहे हे विचारल्याशिवाय पेनाचं टोपण काढलं नव्हतं. गेल्या पाच महिन्यांत त्यांनी अमोघला राशी विचारल्या होत्या, तास विचारले होते, ग्लासची उंचीसुद्धा विचारली होती. हे विचारायचं राहिलं होतं.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

यंदा त्या मळ्यात उशिरा खुडलेल्या द्राक्षांच्या एकूण दोनशे अकरा अर्ध्या बाटल्या भरल्या होत्या, आणि त्यांतल्या एकशे ऐंशी जून महिन्यात रुचाच्या भावाच्या लग्नात संपल्या होत्या.